ऑरिनसाठी स्प्रिंग

९ फेब्रुवारी, रविवार

ही वही दवाखान्यातून मिळाली, ऑरिनचं ब्लडप्रेशर लिहायला. सकाळी दोन आकडे, संध्याकाळी दोन. बाकी पान कोरं राहतं, आणि कोरं पान वाया घालवणं मला जमत नाही. तो काही वाचणार नाही. डिसेंबरात अर्धांगाचा झटका आल्यापासून ओळी एकमेकींवर चढतात म्हणतो.

चर्चमधून आल्यावर हॉबर्ट टेटर आला. नेमबाजीच्या क्लबचा अध्यक्ष आहे, म्हणून टोपी काढून बसला. बायकोने ओव्हनमधे भाजून दिलेला गोड बटरस्कॉच पाय आणला होता, म्हणजे बातमी वाईट असणार हे मी दारातच ओळखलं. बरंच इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, एप्रिलच्या पहिल्या शनिवारी ऑरिनला सगळ्यांसमोर करून दाखवावं लागेल. आजारपणातून उठलेल्या प्रत्येकाला असतं ते. आपल्या हाताने बंदूक भरायची, गोळी आत ढकलणारा बोल्ट मागे ओढायचा, पाच गोळ्या झाडायच्या, रिकामी करून ठेवायची. कुणाची मदत नको. जमलं तर क्लबच्या फाटकाची किल्ली त्याच्याकडेच राहील. नाही जमलं तर परत द्यायची, आणि मग यायचं ते दुसऱ्या कुणाचा पाहुणा म्हणून.

नियम ऑरिननेच केलेला आहे. म्हाताऱ्या बिकेलचे हात कापायला लागले तेव्हा त्याची किल्ली ऑरिनने स्वतः मागून घेतली होती, आणि घरी येऊन पोटभर जेवला होता. मी हॉबर्टसमोर त्याची आठवण काढली. ऑरिनने माझ्याकडे असं पाहिलं की मी पायचा आणखी एक तुकडा कापला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्या कुरणाला लागूनच क्लबची जागा आहे. पायवाटेने काठी टेकत गेलं तर पंधरा मिनिटं. ऑरिनला आता गाडी चालवता येत नाही, घरामागचं बंदुकांचं दुकान चालवता येत नाही, शर्टाची बटणं लावता येत नाहीत. एकट्याने जाता येईल अशी जगात एकच जागा उरली आहे, आणि ती त्या फाटकाच्या आत. एवढं मला कळतं. मी काही दगड नाही.

आज सकाळी म्हणाला, "मला... एक... नवीन..." आणि थांबला. मी म्हटलं, पायमोजा? त्याने डोकं हलवलं. मी म्हटलं, सूप? रायफल म्हणायचं होतं हे मला पहिल्यापासून माहीत होतं. पण माणसाने प्रयत्न करावा असं दवाखान्यातल्या त्या व्यायामवाल्या मुलीनेच सांगितलंय.

त्याच्या जुन्या रायफली आता नकोत. धडाम आवाज झाला की त्याचं डोकं दिवसभर ठणकतं. म्हणून पिस्तुलाच्या गोळीची छोटी रायफल करायची, पुढे सायलेन्सर लावायचा. सायलेन्सरला इथे सगळे डबाच म्हणतात. डबा घरात आहेच, सरकारी मंजुरीच्या कागदावर दोघांची नावं आहेत, म्हणजे तो माझ्या हातात असला तरी बेकायदा नाही. बाकीची बंदूक मी जुळवायची. त्याने खुर्चीवर बसून हुकूम सोडायचे.

म्हणजे नवीन काहीच नाही. चव्वेचाळीस वर्षं हेच चाललंय, फक्त पूर्वी तो उभा असायचा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सांगाडा जुळला. आता खरा प्रश्न मागच्या बाजूचा.

ह्या बंदुकीत बोल्टला अडवणारं कुलूप नसतं. गोळी सुटली की तो मागे उडतो, आणि त्याला आवरायला दोनच गोष्टी: दस्त्याच्या नळीतली लांब स्प्रिंग, आणि तिच्या तोंडाशी बसवलेला बफर, म्हणजे अंगठ्याएवढा जाड वजनदार तुकडा. दोन्ही हलके घातले तर बोल्ट धाडकन मागे आपटतो. डबा लावला की आणखीच जोरात, आणि वर धूर डोळ्यांत. दोन्ही जड घातले तर सगळं लोण्यासारखं. फक्त स्प्रिंग कडक झाली की बोल्ट हाताने मागे ओढायला तेवढाच जोर लागतो. सगळं कौशल्य ह्या दोन टोकांच्या मधे आहे.

माझ्याकडे तीन बफर आणि तीन स्प्रिंगा आहेत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बफर तोलले. ऑरिन म्हणाला, "तो काटा... पिठाचा." मी म्हटलं, वजन ते वजन, पिठाचं काय आणि लोखंडाचं काय. तोंड वेडंवाकडं झालं तरी नाक मुरडता येतंच ह्या माणसाला.

१ मार्च, शनिवार

आज गोठ्यामागे बंदूक लावली. आधी हलका बफर, हलकी स्प्रिंग.

ऑरिनने डाव्या हाताने दस्ता मांडीला टेकवला, उजव्या हाताची अर्धवट मूठ बोल्ट ओढायच्या दांड्यात अडकवली आणि खांद्याने मागे ओढलं. आलं. लहान पोराला सायकल यावी तसा चेहरा झाला त्याचा. पाच गोळ्या झाडल्या. पाचही कागदावर.

"चालेल," तो म्हणाला. एकच शब्द, पण एका दमात.

मला नाही चालणार. डब्यामुळे गोळीचा आवाज राहिलाच नव्हता, म्हणून मागची खडखड स्वच्छ ऐकू येत होती. खण्णकन बोल्ट आपटतो, मग नळीत स्प्रिंग किणकिणते, अगदी कानाशी. कुणीतरी जिन्यावरून चमच्यांचा खण सोडून द्यावा तसं. वर धुराने त्याचा डोळा लाल. असली बंदूक घेऊन तो चारचौघांत गेला तर लोक काय म्हणतील? ऑरिन प्यूच्या दुकानात आता असलं काम होतं? आणि ऑरिनच्या हाताला तर काही जमत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे मग कुणाचं काम?

मी म्हटलं, अजून जड बघू. तो म्हणाला, "नको." मी बघितलं तरी.

८ मार्च, शनिवार

मधला बफर, मधली स्प्रिंग. खडखड अर्धी झाली. ऑरिनला पाचपैकी तीनदा ओढता आलं. चौथ्या वेळी मूठ सुटली आणि बोटाचं साल निघालं.

"पहिली... घाल," म्हणाला.

हॉबर्ट तेवढ्यात उसनी करवत परत द्यायला आला होता. त्याने बंदूक उचलून फिरवून पाहिली, म्हणाला, ऑरिन, हात गेला तरी डोकं शाबूत आहे हां तुझं. मी तिथेच उभी होते, हाताला वंगण, नखात काळं. ऑरिनला काय बोलायचं ते त्याने सावकाश जुळवलं, आणि आम्ही दोघंही थांबलो त्याच्यासाठी. मग म्हणाला, "नेडा... स्क्रू... फिरवते."

हॉबर्ट हसला. मीही हसले.

चव्वेचाळीस वर्षं ह्या तालुक्यातल्या प्रत्येक चांगल्या बंदुकीचा घोडा मी घासून गुळगुळीत केला आहे. लोक म्हणायचे ऑरिन प्यूचा घोडा काच फुटावी तसा सुटतो. प्रत्येकीवर त्याच्या नावाची अक्षरं. मी स्क्रू फिरवते.

रात्रीच्या जेवणात त्याचं मांस कापून दिलं नाही. त्याने पाच मिनिटं वाट पाहिली, मग बटाटे खाल्ले.

९ मार्च, रविवार

कापून दिलं.

२० मार्च, गुरुवार

पहिली हलकी जोडी परत घातली आहे. तो रोज सकाळी दुकानात रिकामी बंदूक घेऊन बसतो. ओढतो, सोडतो, विसावतो. मी खिडकीतून मोजते. सोमवारी सहा. काल नऊ. आज अकरा, आणि अकराव्यानंतर एकटाच हसला. आत आला तेव्हा मी विचारलं, कसं काय? म्हणाला, "ठीक." माझ्यासाठी ठीक, आणि त्या बंदुकीसाठी हसू.

व्यायामवाली मुलगी म्हणाली, हे तुम्ही फार छान केलंत मिसेस प्यू, त्यांना काहीतरी ध्येय दिलंत. पंचवीस वर्षांची आहे. तिला मी जिंजर स्नॅप बिस्किटं बांधून दिली.

३१ मार्च, सोमवार

जोलीनचा फोन. आमची मुलगी, कोलंबसला असते, दर सोमवारी बापाशी बोलते आणि मग माझ्याकडून त्याच्या औषधांची चौकशी करते. मी बाजूला कपड्यांच्या घड्या घालत होते. तिने विचारलं असणार की किल्ली राहिली तर काय करणार. ऑरिन म्हणाला, "शनिवारी... जाईन. एकटा." मग बराच वेळ शब्द शोधला, मी काही पुरवला नाही, आणि म्हणाला, "तिथे... कोणी... सांगत नाही."

काय सांगत नाही? काय सांगते मी? तोंड पूस सांगते, कारण पुसलेलं नसतं. काठी घे सांगते, कारण विसरतो. त्याला शौचालयात बसवून उठवते ते मला हौस म्हणून नाही. डिसेंबरपासून मी घराबाहेर पडले ती औषधाच्या दुकानापुरती आणि चर्चपुरती. आणि ह्याला कुठे जायचंय, तर जिथे मी नाही तिथे. लग्न झाल्यापासून दर शनिवारी जातोय, मला एकदाही ये म्हणाला नाही, आणि अजून त्याची हौस फिटली नाही.

त्याच्या आवडीची नूडल्स करणार होते. नाही केली.

२ एप्रिल, बुधवार

आज तो दवाखान्यात व्यायामाला गेला. चर्चची गाडी नेते, आणते. मला तीन तास मिळाले.

सगळ्यात जड बफर आणि सगळ्यात कडक स्प्रिंग घातली. नुसतं बघावं म्हणून. गोठ्यामागे पाच गोळ्या झाडल्या आणि देवा, काय सांगू. पुस्तक मिटल्यावर होतो तेवढा आवाज. धूर नाही, किणकिण नाही, धक्का नाही. कुंपणावर एक छोटा पक्षी बसला होता तो उडालासुद्धा नाही. माझ्या आयुष्यात माझ्या हातून इतकं चांगलं काही झालं नव्हतं, आणि मी मुलगी धरून बोलतेय.

ओढायला थोडं जड आहे. मला दांडा दोन बोटांत धरून कोपर मागे न्यावं लागतं. पण चांगल्या मालाला जोर लागतोच. आणि त्याने पंधरा दिवस तालीम केली आहे, अकराच्या वर गेला असेल आता. हाताला ताकद आलीच असणार. शिवाय शनिवारी सगळे असणार, क्लबच्या लोकांनी एकदा तरी खरं काम ऐकावं. म्हणजे न ऐकावं.

तशीच ठेवली. त्याला सांगितलं नाही. आधी सांगितलं की तो नको म्हणणार, न बघताच. उद्या त्याची तपासणी आहे, दुकानात जायला वेळ मिळणार नाही, तेही बरंच.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी मी अंडी करत होते तेव्हा तो दुकानात गेला. नेहमी अर्धा तास असतो. आज दहा मिनिटांत परत आला आणि मुकाट टेबलाशी बसला. अंडी खाल्ली नाहीत. उजव्या हाताची पाठ चोळत होता.

मग म्हणाला, "नेडा. बंदुकीत... काही... करायचं राहिलंय?"

मी म्हटलं, नाही, एकदम तयार आहे.

त्याने मान हलवली. मग बराच वेळ माझ्याकडे पाहत बसला, म्हणून मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "काही नाही." उद्याची धास्ती असेल. धास्ती वाटली की पहिल्यापासून तो जेवत नाही. आमच्या लग्नाच्या दिवशीही नव्हता जेवला.

दुपारभर दुकानाकडे फिरकला नाही. म्हटलं, बरं झालं, हाताला आराम मिळेल.

५ एप्रिल, शनिवार

पहिल्यापासून लिहिते, नाहीतर विसरेन.

सामान होतं म्हणून गाडीने गेलो. वाटेत एकदाच बोलला, तेही माझं नाव घेऊन थांबला. मी म्हटलं, काय रे, रुमाल हवा? नको म्हणाला.

अकरा-बारा जण होते. कॉफी, हॅमचे सँडविच, नेहमीचे विनोद. ऑरिनला त्यांनी असं वागवलं की जसं काही झालंच नाही, म्हणजे सगळे जरा मोठ्याने बोलत होते. हॉबर्टने कागद काढला, नियम वाचला. नियमाखाली ऑरिनचीच सही होती.

त्याने गोळ्यांची पेटी डाव्या हाताने लावली, नीट बसली. दस्ता मांडीला टेकवला. मूठ दांड्यात अडकवली. ओढलं.

हललं नाही.

पुन्हा ओढलं. बोटभर आलं आणि परत गेलं. मग त्याने दस्ता खांबाला टेकवला, नळी मातीच्या बांधाकडे नीट ठेवून, सगळं अंग मागे टाकलं. मूठ सुटली आणि तो खांबावर आपटला. कुणीतरी पुढे झालं, हॉबर्टने हाताने अडवलं. मदत नको, नियम आहे. चौथ्यांदा, पाचव्यांदा. त्याच्या नाकाचं पाणी ओठावर आलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. लोक जमिनीकडे बघायला लागले. डोनी नावाचा एक गडी कॉफीच्या भांड्याशी जाऊन उगाच झाकण लावत बसला.

हॉबर्ट चांगला माणूस आहे. तो हळूच म्हणाला, "ऑरिन, बंदूक जाम झालेली दिसते. होतं असं नव्या बंदुकीला. पुढच्या महिन्यात बघू की."

ऑरिनने दम घेतला. म्हणाला, "जाम... नाही. बंदूक... चांगली आहे."

हॉबर्ट म्हणाला, "अरे जामच आहे ती. मी लिहितो इथे, जाम होती म्हणून."

जाम. माझी बंदूक जाम. बारा माणसांत. माझं काय झालं मला सांगता येत नाही, पण मी पुढे झाले, ऑरिनच्या हातातून बंदूक घेतली, कोपर मागे नेलं, आणि बोल्ट सुईत दोरा जावा तसा आला. मी म्हटलं, "जाम-बिम काही नाही. माझं काम आहे ते." आणि पाचही गोळ्या झाडल्या.

कुणाला काही ऐकूच आलं नाही. लांबवर पत्र्याच्या पाटीवर टक, टक, टक, एवढंच. मग एकदम सगळे बोलायला लागले. डोनी झाकण हातात घेऊन धावत आला. नेडा, हे तू केलंस? मागे काय घातलंस? मला हात लावू दे. मी बफर आणि स्प्रिंग काढून दाखवली, तिघांनी तिथल्या तिथे आपल्यासाठी करशील का म्हणून विचारलं. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला जोलीन झाली तेव्हाही झाला नव्हता.

ह्या सगळ्यात ऑरिन कुठे आहे ते मी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा तो हॉबर्टसमोर उभा होता. डाव्या हाताने पॅन्टच्या उजव्या खिशातली किल्ली काढायची खटपट करत होता. खिसा उलट्या बाजूला, हात पोचत नव्हता. हॉबर्ट म्हणत होता राहू दे रे, राहू दे आज. ऑरिनने काढलीच. हॉबर्टच्या तळहातावर ठेवली, त्याची बोटं मिटली, आणि गाडीत जाऊन बसला.

६ एप्रिल, रविवार

चर्चला गेलो नाही. तो बोलत नाही. ब्लडप्रेशर वाढलंय, लिहून ठेवलं.

७ एप्रिल, सोमवार

दुपारी हॉबर्टचा फोन. म्हणाला, मंडळींनी ठरवलंय, हवी असेल तर किल्ली मला द्यावी. क्लबात बाईकडे किल्ली कधी नव्हती, पण त्या कामानंतर कोण नाही म्हणणार? आणि त्यात ऑरिनचंही भलंच आहे, माझ्याबरोबर पाहुणा म्हणून केव्हाही येता येईल. मी हो म्हटलं. ह्यात वाईट काय आहे? दोघांनी मिळून जायचं, जेवण बांधून न्यायचं. बाकीच्या बायका तर मरतील अशा नवऱ्यासाठी.

जोलीनचा फोन आला तेव्हा त्याने घेतला नाही.

१३ एप्रिल, रविवार

आज बोलला.

मी मांस आणि नूडल्स केली होती, बटाट्याच्या लगद्यावर घालून, त्याला आवडते तशी. वाढता वाढता म्हटलं, येत्या शनिवारी जाऊ या का दोघं? हवं तर बंदूक मी ओढून देईन, तू फक्त झाड.

त्याने काटा खाली ठेवला. एकेक शब्द जागेवर लावत बोलला, मी लिहितेय तेवढं सलग नाही, पण हेच.

"शुक्रवारी मी ओढून पाहिली. हलली नाही. म्हणून तुला विचारलं. गाडीत वाटलं, आता सांगशील. फाटकाशी वाटलं, आता सांगशील."

मी म्हटलं, अरे मग तू का नाही बोललास? तोंड नव्हतं का तुला? स्प्रिंग बदललीस का असं सरळ विचारायचं, मी सांगितलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं. आणि हॉबर्ट एवढं जाम आहे, जाम आहे म्हणत होता, तर हो म्हणायला काय झालं होतं तुला? आज किल्ली तुझ्या खिशात असती.

तो म्हणाला, "तुझं काम होतं. चार लोकांत खराब आहे कसं म्हणू?"

मग त्याने जेवण संपवलं. मांस स्वतः कापलं, वेडंवाकडं, पण कापलं. मी भांडी घेऊन मोरीशी गेले आणि पाणी सोडून उभी राहिले. चव्वेचाळीस वर्षांत माझ्या कामाला पहिल्यांदा काम म्हणाला, आणि म्हणायला त्याला नेमकं हेच सापडलं.